बाळंतपणानंतरचा मंत्रचळ आणि सर्ट्रालिन : बडोद्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बडोद्यातील एका मराठी कुटुंबातले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि प्रत्येक निर्णयामागची कारणे मात्र जशी होती तशीच ठेवली आहेत. या प्रकरणात मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम केले. औषधाचे निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचे होते, पण ते घेताना झालेल्या बहुतेक चर्चांना मी हजर होते.

तिचे वय अठ्ठावीस. शिक्षण एम.कॉम., लग्नाआधी एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम. माहेर दांडिया बाजारात, सासर मांजलपूरमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. पती मकरपुरा जीआयडीसीतील एका कारखान्यात पाळीने कामाला, त्यामुळे महिन्यातले काही आठवडे रात्री घराबाहेर. जून महिन्यात तिला पूर्ण दिवसांची, निरोगी मुलगी झाली. रीतीप्रमाणे सव्वा महिना ती माहेरी होती. मालिश, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, दिवसभर कुणी ना कुणी जवळ, असा तो काळ गेला आणि बारसे आटोपल्यावर ती सासरी आली.

पूर्वेतिहासातील दोन गोष्टी पुढे महत्त्वाच्या ठरल्या. दहावीच्या वर्षी ती पुस्तकातले एकच पान पुन:पुन्हा वाचत असे आणि ओळ सुटली असे वाटल्यास धड्याच्या सुरुवातीपासून वाचत असे. घरच्यांनी तो अभ्यासूपणा मानला. शिवाय तिच्या एका आत्याचे सोवळे इतके टोकाचे होते की नातेवाईक त्यांच्याकडे जेवायला जाणे टाळत. मंत्रचळाचा, म्हणजेच ओसीडीचा (नको असलेले विचार मनात पुन:पुन्हा येणे आणि ते शमवण्यासाठी त्याच त्या कृती करत राहणे), कल काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या दिसतो आणि बाळंतपण हा तो उफाळून येण्याचा एक ओळखीचा काळ आहे.

प्रश्न काय होता

सुरुवात माहेरीच झाली. स्वयंपाकघरात आई विळीवर मेथी चिरत होती, ही बाळाला मांडीवर घेऊन समोर बसली होती, आणि एकाएकी तिच्या डोळ्यांपुढे असे दृश्य उभे राहिले की आपणच बाळाला विळीच्या पात्यावर धरले आहे. ती बाळाला घेऊन तडक बाहेरच्या खोलीत गेली. त्या दिवसापासून विळी दिसली की तेच दृश्य, मग चाकू दिसला की, मग कात्री. सासरी आल्यावर त्यात गॅलरीची भर पडली : बाळाला घेऊन आपण कठड्याशी जाऊ आणि हात सोडू, असा विचार.

तिने कुणालाही काही सांगितले नाही. एका दुपारी विळी जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागे ठेवली आणि सासूबाईंनी विचारल्यावर पाते बोथट झाल्याचे सांगितले. गॅलरीच्या दाराला आतून दोरी बांधली. वाईट विचार आला की मनातल्या मनात रामरक्षा म्हणायची. म्हणताना विचार मध्ये आला तर तो पाठ बाटला असे समजून पहिल्या श्लोकापासून पुन्हा. बाळ भुकेने रडत असे आणि ही ओठ न हलवता पाठ पुरा करीत बसलेली असे. पती घरी असले की, "अहो, मी तिला काही करणार नाही ना?" हा एकच प्रश्न संध्याकाळपासून झोपेपर्यंत. ते प्रत्येक वेळी "नाही गं, तू कशी करशील?" असे म्हणत. त्याने दहा मिनिटे बरे वाटे, मग प्रश्न परत. ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिने बाळाला आंघोळ घालणे सोडले होते आणि पतीची रात्रपाळी असली की ती सासूबाईंच्या खोलीत, बाळापासून हातभर दूर झोपू लागली होती.

सासूबाईंना वाटले दृष्ट लागली. कुटुंबाच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लोह, कॅल्शियम आणि झोपेची गोळी दिली. दुसऱ्या एका डॉक्टरांनी अँटीडिप्रेसंट, म्हणजे नैराश्यावरचे औषध, लिहून दिले आणि आधी अंगावर पाजणे बंद करा असे सांगितले. कुटुंबाने ते औषध आणले, पण सुरू केले नाही.

आमच्याकडे ती आली तेव्हा पहिल्या भेटीत अर्धा तास झोप, भूक आणि चिडचिड याच विषयांवर गेला. खरी गोष्ट बाहेर आली ती थेट विचारल्यावर. बाळाला आपल्या हातून इजा होईल असे विचार किंवा चित्रे नको असताना मनात येतात का, अनेक नव्या आयांना तसे होते, असे सरळ विचारले, तेव्हा ती बराच वेळ रडली आणि मग सगळे सांगितले. तिची सर्वांत मोठी भीती ही होती की हे ऐकून आम्ही बाळ काढून घेऊ.

पहिला निर्णय : हे नेमके काय आहे

औषधाच्या आधी हे ठरवणे भाग होते, कारण इथे चूक झाली तर योग्य औषधही घातक ठरू शकते. बाळंतपणानंतर हजारात एक-दोन स्त्रियांना सायकोसिस होतो. तो बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, झपाट्याने येतो. त्यात गोंधळलेपण असते, भास असतात, बाळाविषयी ठाम चुकीच्या समजुती असतात, झोपेची गरजच वाटेनाशी होते. ती तातडीची स्थिती आहे आणि तिथे रुग्णालयात दाखल करणे हाच मार्ग असतो.

इथले चित्र उलटे होते. विचारांनी ती हादरत होती, ते आपल्या स्वभावाच्या विरुद्ध आहेत हे तिला पक्के कळत होते, आणि तिची प्रत्येक कृती बाळाला वाचवण्यासाठी होती. भास नव्हते, संधी मिळाली की झोप लागत होती. जी आई विळी माळ्यावर लपवते ती धोकादायक नसते. ती घाबरलेली असते. ओसीडीतील असे विचार कृतीत उतरत नाहीत, हे तिला आणि पतीला त्याच भेटीत स्पष्ट शब्दांत सांगितले गेले.

तरीही दोन प्रश्न टाळता येत नव्हते. स्वत:ला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला कधी उन्मादाचे झटके आले होते का, हे कसून विचारले गेले, कारण उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा बायपोलर आजार लपलेला असेल तर एकटे अँटीडिप्रेसंट उन्माद भडकवू शकते. तसे काही आढळले नाही. दुसरा प्रश्न तिच्या स्वत:च्या जिवाचा. "मी नसले तर बाळ सुरक्षित राहील," असे तिला काही वेळा वाटले होते. बेत नव्हता, तयारी नव्हती. पण हे वाक्य हलके घेण्यासारखे नाही. सुरुवातीचे काही आठवडे तिच्या आईने सोबतीला राहावे असे ठरले आणि ही सोबत मुलीसाठी आहे, नातीवर पहारा ठेवण्यासाठी नाही, हे त्यांना वेगळे समजावले. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिने बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर, माझ्यासमोर, तपासून लिहून घेतला.

थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासले. दोन्ही ठीक निघाले. ओसीडीची तीव्रता मोजणाऱ्या येल-ब्राउन मोजपट्टीवर, जी ० ते ४० अशी असते आणि जिच्यात २४ च्या पुढची लक्षणे तीव्र मानली जातात, तिचा गुणांक २७ आला.

पर्यायांचा विचार

पहिला पर्याय औषधाशिवाय, फक्त मानसोपचाराचा होता. एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे भीतीच्या गोष्टीला पायरी-पायरीने सामोरे जायचे आणि तिच्यावरचा उतारा करायचा नाही, ही पद्धत ओसीडीत चांगली सिद्ध झालेली आहे आणि सौम्य ते मध्यम आजारात ती एकटीही पुरते. मी स्वत: तेच काम करते, त्यामुळे माझा ओढा तिकडे असणे साहजिक होते. पण तिला तीन तास सलग झोप नव्हती, विळी हा शब्द उच्चारला तरी तिचे हात थरथरत होते आणि घरी सराव करायला लागणारे बळ तिच्यात उरले नव्हते. औषधाने भीतीची धार थोडी कमी झाल्यावर हे काम सुरू करावे, असे माझे मत पडले.

दुसरा पर्याय, अंगावर पाजणे सोडून औषध. कुटुंबाला हाच एक मार्ग आहे असे सांगितले गेले होते आणि म्हणूनच ते थांबले होते. दूध पाजण्याची वेळ ही दिवसातली एकमेव वेळ होती जेव्हा ती बाळाला निर्धास्तपणे जवळ घेत असे. ती काढून घेतली असती तर आपण बाळासाठी धोका आहोत या तिच्या समजुतीवर वैद्यकाने शिक्का मारल्यासारखे झाले असते. आणि त्याची गरजही नव्हती. दुधातून बाळाला मिळणारी मात्रा, वजनाच्या हिशेबाने, आईच्या मात्रेच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर ती सहसा स्वीकारार्ह मानतात. सर्ट्रालिन या अँटीडिप्रेसंटमध्ये ती साधारण ३ टक्क्यांच्याही आत राहते. बाळ पूर्ण दिवसांचे आणि निरोगी होते. त्याच गटातले फ्लुऑक्सेटिन शरीरात फार दिवस रेंगाळते आणि दुधात अधिक उतरते, म्हणून ते बाजूला ठेवले.

क्लोमिप्रामिनचाही विचार झाला. अमेरिकेत ओसीडीसाठी मंजूर झालेले ते पहिले औषध, १९८९ मध्ये. परिणामकारक आहे, पण तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, गुंगी आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवण्याची गरज यांमुळे ते सहसा पहिल्या फळीत वापरत नाहीत. झोपेच्या गोळीबाबत निर्णय झटपट झाला : दूध पिणारे बाळ सुस्तावू शकते आणि ओसीडीवर तिचा उपयोग नाही, म्हणून ती बंद केली.

पतीचा आक्षेप वेगळा आणि रास्त होता. "ती उदास नाही, घाबरलेली आहे. मग उदासीवरची गोळी कशाला?" मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. प्रत्येक अँटीडिप्रेसंट ओसीडीवर चालत नाही. डेसिप्रामिनसारखे नैराश्यावर गुणकारी असलेले औषध ओसीडीत क्लोमिप्रामिनच्या जवळपासही पोचले नाही. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर जोरकस काम करणारी औषधेच इथे उपयोगी पडतात, नैराश्य असो वा नसो. मात्र नैराश्यात जी मात्रा आणि जो वेळ पुरतो तो ओसीडीत पुरत नाही. इथे मात्रा बहुधा वरच्या टोकाला न्यावी लागते, सर्ट्रालिन दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत, आणि निर्णय द्यायला ८ ते १२ आठवडे थांबावे लागते. हे सर्व पहिल्याच दिवशी सांगितले गेले. तरीही पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

औषध सुरू झाले, आणि नवरात्र आले

ऑगस्टअखेर सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅमने सुरुवात झाली, आठवड्याने ५०, चौथ्या आठवड्यात १००. पहिले काही दिवस अस्वस्थता वाढली, पोट बिघडले. हे होऊ शकते याची कल्पना दिली होती म्हणून ते निभावले. बाळाचे दूध पिणे, झोप आणि वजन यांवर बालरोगतज्ज्ञांनी लक्ष ठेवले. त्यात काहीही वावगे दिसले नाही. पाचव्या आठवड्यात तिची झोप सुधारली होती, पण विचार जवळपास तितकेच होते.

मग घट बसले. सासूबाईंचे नऊ दिवसांचे कडक उपवास. बाळंतीण म्हणून सुनेने फक्त उठता-बसता करावा असे ठरले. पहिल्या दिवशी सकाळी तिने नेहमीप्रमाणे गोळी घेतली, रिकाम्या पोटी, आणि तासाभरात ओकारी झाली. घरात घट, अखंड दिवा, आणि सून ओकते आहे. एवढे दिवस औषध घेऊन गुण नाही, वर हा त्रास, असा विचार करून गोळी नवरात्रापुरती बंद ठेवायचे घरातच ठरले. आम्हाला कुणी फोन केला नाही.

चौथ्या दिवसापासून तिला चक्कर येऊ लागली, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे होई, आणि विचार दुपटीने उसळले. सर्ट्रालिनचा अंश साधारण एका दिवसात निम्म्यावर येतो, त्यामुळे ते एकदम तोडले की असे घडते. घरच्यांनी मात्र याचा अर्थ, औषधाची सवय लागली, असा घेतला. सहाव्या दिवशी तिच्या आईने फोन केला म्हणून हे कळले.

दुसरा निर्णय : बदलायचे की वाढवायचे

माझ्या मते या प्रकरणाचे भवितव्य इथे ठरले. येल-ब्राउन गुणांक २४ होता. सुरुवातीच्या २७ च्या मानाने फरक नगण्य. औषध "लागू पडत नाही" असे म्हणून दुसरे सुरू करणे सोपे होते आणि कुटुंबाला तेच हवे होते. कमी मात्रेत रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्राझोल यांसारखे सायकोसिसवरचे औषध जोडण्याचीही सूचना पुढे आली. तो मार्ग आहे, पण तो योग्य मात्रा पुरेसा काळ देऊनही न सुधारलेल्या रुग्णांसाठी आहे, आणि त्यांच्यातही साधारण तिघांत एकालाच त्याचा लाभ होतो.

इथे औषधाची कसोटी पुरी झालीच नव्हती. १०० मिलिग्रॅमवर ती जेमतेम दोन आठवडे होती आणि मध्येच खंड पडला होता. न पुरी झालेल्या प्रयत्नाला अपयश म्हणून नोंदवले की ते औषध रुग्णाच्या कागदावर कायमचे बाद होते. पुढचे डॉक्टर पुढच्या औषधाकडे वळतात आणि तिथेही तीच घाई होते. अशा याद्या घेऊन येणारे रुग्ण मी पाहिले आहेत, ज्यांना चार औषधे दिली गेली आणि एकही पुरेसे दिले गेले नाही. म्हणून डॉक्टरांनी तेच सर्ट्रालिन पुन्हा सुरू केले : काही दिवस ५०, मग १००, आणि दिवाळीपर्यंत १५०. गोळी सकाळच्या खाण्यानंतरच, उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडी किंवा केळे खाऊन. डिसेंबरअखेरपर्यंत औषधाविषयी कोणताही निवाडा करायचा नाही, हे तारीख घालून लिहून दिले.

याच सुमारास सासूबाईंना पहिल्यांदा स्वतंत्र बोलावले. त्या औषधाच्या विरोधात असतील ही आमची धारणा होती. त्यांनी विचारलेला प्रश्न असा : "गोळी दुधातून पोरीच्या अंगात जाते का, एवढंच मला सांगा." सहा आठवडे त्या हाच प्रश्न मनात धरून होत्या. आकड्यांसह उत्तर मिळाल्यावर त्यांनी सकाळी सुनेच्या ताटलीत गोळी ठेवण्याचे काम आपणहून घेतले.

मानसोपचार आणि परिणाम

नोव्हेंबरच्या मध्यापासून तिच्यात काम करण्याचे बळ दिसू लागले. विचार येत होते, पण ती म्हणाली तसे, "येतो आणि चिकटत नाही." आम्ही पायऱ्या आखल्या. आधी विळी माळ्यावरून खाली आणून ओट्याखाली ठेवली. मग बाळ दुसऱ्या खोलीत असताना तिच्यावर काकडी चिरणे, मग बाळ पाळण्यात समोर असताना. रामरक्षा संध्याकाळी देवापुढे एकदा, मोठ्याने, चुकली तरी पुढे जायचे. विचारावर उतारा म्हणून मुळीच नाही. पतीने त्या प्रश्नाला "नाही गं" असे उत्तर देणे थांबवायचे होते आणि हे त्यांना सर्वांत जड गेले. "हा ओसीडीचा प्रश्न आहे, मी उत्तर देणार नाही, पण जवळ बसतो," असे एक वाक्य आम्ही ठरवून दिले.

डिसेंबरअखेर गुणांक १४ झाला. सुरुवातीपेक्षा ३५ टक्के घट झाली की चांगला प्रतिसाद मानतात. इथे ती त्याहून बरीच अधिक होती. जानेवारीत पतीच्या रात्रपाळीत ती बाळासह आपल्या खोलीत झोपू लागली. मे महिन्यात गुणांक ८ होता. कामेच्छा कमी झाल्याची तक्रार तिने उशिरा, विचारल्यावरच सांगितली. हा या औषधांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. मात्रा लगेच कमी करण्याचा धोका तिला समजावला आणि तिने विचारपूर्वक आणखी काही महिने तीच मात्रा चालू ठेवली. विचार पूर्ण गेलेले नाहीत. ताप आला, झोप मोडली की एखादे चित्र अजूनही डोकावते.

काय वेगळे करता आले असते

सासूबाईंना पहिल्याच आठवड्यात बोलवायला हवे होते. बाळंतिणीच्या घरात गोळी, जेवण आणि उपवास यांचा कारभार ज्यांच्या हाती असतो त्यांना वगळून फक्त पती-पत्नींशी बोलणे ही अशा प्रकरणांत सर्वत्र दिसणारी रीत आहे आणि ती बदलली पाहिजे. औषध सुरू करताना पुढच्या तीन महिन्यांतले सण, उपवास आणि प्रवास विचारून घेणे याला पाच मिनिटे लागतात. श्रावणापासून दिवाळीपर्यंतच्या काळात तर ते विचारलेच पाहिजे.

मात्रा थोडी लवकर वाढवता आली असती का, यावर आमच्यात मतभेद आहेत. ५० वर दोन आठवडे थांबल्याने अस्वस्थता आटोक्यात राहिली, पण कुटुंबाच्या धीराची मुदतही तेवढी खर्ची पडली. डॉक्टर आजही सावकाश वाढवण्याच्या बाजूने आहेत. माझा कल थोड्या अधिक वेगाकडे आहे.

बाळंतपणानंतरच्या सहाव्या आठवड्याच्या तपासणीत तिला कुणी मनाविषयी काही विचारले नव्हते. विचारले असते तरी बाळंतपणानंतरचे नैराश्य चाचपणाऱ्या एडिनबरो प्रश्नावलीसारख्या साधनाने हे हाती लागलेच असते असे नाही, कारण तिच्या १० प्रश्नांत नैराश्य आणि चिंता आहे, बाळाला इजा होण्याच्या नको असलेल्या विचारांचा प्रश्न नाही. तो तोंडी विचारावा लागतो, आणि विचारताना बाळ तुमच्याकडेच राहणार आहे हे आधी सांगावे लागते.

सध्या १५० मिलिग्रॅम चालू आहे. सुधारणेनंतर किमान एक ते दोन वर्षे औषध चालू ठेवायचे आणि मग काही महिन्यांत थोडे-थोडे उतरवायचे, कारण एकदम थांबवल्यास आजार उलटण्याचे प्रमाण मोठे असते, हे तिला, पतीला आणि सासूबाईंना माहीत आहे. दुसऱ्या मुलाचा विषय घरात निघू लागला आहे. गर्भ राहिल्याचे कळल्यावर घाबरून गोळी बंद करण्याची वेळ येऊ नये म्हणून त्याआधीच स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची एकत्र भेट ठरवली आहे, आणि या वेळी सासूबाईही येणार आहेत.